मैत्री, नावड आणि गृहपाठाच्या वह्या: वर्गातलं सारखेपण मोजायचं कसं?

तिसरा बाक (धागाकर्ता)

कृतिसंशोधनाच्या (शिक्षकाने स्वतःच्याच वर्गावर करायच्या अभ्यासाच्या) आराखड्यावर जाणकारांची मतं हवी आहेत.

नववीची एक तुकडी. पट ४८: मुलगे २६, मुली २२. महिन्यात निम्म्याहून जास्त वेळा वही दाखवली नाही तर 'गृहपाठ न करणारा' अशी व्याख्या धरली आहे. त्यात १८ जण बसतात, १४ मुलगे आणि ४ मुली. बी.एड.ला शिकवतात तशी समाजमिती (वर्गात कोणाचं कोणाशी जमतं ते मोजायची पद्धत) वापरली. 'तुमच्या तीन जवळच्या मित्रमैत्रिणींची नावं लिहा' असा प्रश्न दिला आणि समाजालेख, म्हणजे कोणी कोणाचं नाव घेतलं याची आकृती, काढला. एकाने जरी दुसऱ्याचं नाव लिहिलं असेल तरी जोडी धरली. अशा १०० जोड्या झाल्या: मुलग्यांच्या ५४, मुलींच्या ४६, मुलगा-मुलगी अशी एकही नाही. दोन्ही बाजूंनी नाव आलेल्या ४४. शंभरपैकी ६० जोड्यांत दोघांची गृहपाठाची सवय सारखीच आहे.

१) ६०% म्हणजे संगतीचा परिणाम, असं लिहिता येईल का?
२) वर्गात एकमेकांचं तोंड न बघणारी दोन टोळकी आहेत आणि त्यांच्या सवयी नेमक्या उलट दिसतात. नावडीमुळे सवयी उलट होतात का? त्यासाठी 'कोण आवडत नाही' हे मुलांना विचारावं का, आणि विचारायचं तर कसं?
३) बाक बदलून काही फरक पडतो का?

---

आडवे-उभे

पहिल्या प्रश्नाचं उत्तर: नाही, अजून लिहिता येणार नाही. ६० हा आकडा शून्याशी ताडायचा नसतो. मैत्रीचा काडीचाही संबंध नसता तर किती जोड्या सारख्या निघाल्या असत्या, त्याच्याशी ताडायचा.

४८ जणांतून कुठलेही दोन उचलायचे प्रकार ४८ × ४७ ÷ २ = ११२८. दोघेही 'न करणारे' अशा जोड्या १८ × १७ ÷ २ = १५३. दोघेही 'करणारे' अशा ३० × २९ ÷ २ = ४३५. बेरीज ५८८. म्हणजे डोळे मिटून दोन नावं उचलली तरी ५२% वेळा सवय सारखीच निघते. मग तुमची मिळकत ६० नाही, ८ आहे.

बरेच प्रकल्प इथे थांबतात आणि 'आठ टक्के संगतीचे' म्हणून मोकळे होतात. पण तुमच्याकडे मुलगा-मुलगी अशी जोडीच नाही, मग ती शक्यता हिशेबात कशाला? फक्त मुलग्यांत बघा: १४ न करणारे, १२ करणारे. सारख्या जोड्या ९१ + ६६ = १५७, एकूण ३२५ पैकी, म्हणजे ४८.३%. मुलींत ४ आणि १८: सारख्या ६ + १५३ = १५९, एकूण २३१ पैकी, म्हणजे ६८.८%. आता ५४ जोड्यांचे ४८.३% म्हणजे २६ आणि ४६ जोड्यांचे ६८.८% म्हणजे साधारण ३२. बेरीज ५८.

संगतीविना अपेक्षित ५८, मिळाल्या ६०. शंभर जोड्यांत चार-पाचचा चढउतार नुसत्या योगायोगानेही होतो, त्यामुळे या २ चं काहीच सांगता येत नाही. मुली वह्या जास्त नेमाने दाखवतात आणि मुली मुलींशीच मैत्री करतात, एवढ्यावरच जवळपास सगळा आकडा उभा आहे.

गावाकडच्या शाळेत अशी आणखी दोन कारणं हमखास लपलेली असतात. एकाच एसटीने येणारी मुलं एकत्र उशिरा येतात, एकत्र दमतात आणि एकमेकांची मित्रही असतात. तीच गोष्ट एकाच खासगी क्लासला जाणाऱ्यांची. म्हणून पत्रकात प्रत्येकापुढे गाव किंवा वाडी, येण्याचं साधन आणि क्लास असे तीन रकाने आधीच करून ठेवा. नंतर आठवून भरले की चुकतात.

योगायोग किती हे नेमकं काढायला अदलाबदल चाचणी करा. एक्सेलमध्ये जोड्या तशाच ठेवायच्या. गृहपाठाचे शेरे मात्र मुलग्यांचे मुलग्यांत आणि मुलींचे मुलींत पिसायचे आणि सारख्या जोड्या पुन्हा मोजायच्या. असं हजार वेळा. हाताने हजार वेळा कोणी करत नाही, पण 'आर' या संख्याशास्त्राच्या संगणकभाषेत दहा-बारा ओळींचं काम आहे. हजारांपैकी ५० पेक्षा कमी वेळा ६० किंवा त्याहून मोठा आकडा आला, तरच पुढे बोलायचं.

'तीनच नावं' ही अटही काढा. ज्याला पाच मित्र आहेत त्याचे दोन गळतात आणि ज्याला एकच आहे तो दोन नावं भरतीची लिहितो. तुमच्या ५६ एकतर्फी जोड्यांत अशा किती हे आता कळायला मार्ग नाही. हजेरीपटासारखी छापील यादी द्या आणि विचारा: 'गेल्या दोन आठवड्यांत मधल्या सुट्टीत किंवा शाळा सुटल्यावर तुम्ही कोणाकोणाबरोबर वेळ घालवलात? जास्तीत जास्त दहा खुणा.' 'जवळचा मित्र' या शब्दाचा अर्थ प्रत्येक जण वेगळा लावतो, दोन आठवडे सगळ्यांचे सारखेच.

---

पारावरचा

वरच्या प्रतिसादाशी सहमत. पण समजा अदलाबदल चाचणीतून फरक खरा निघाला, तरी अर्धंच काम झालं.

आपल्याकडे याच्या दोन म्हणी आहेत आणि दोन्ही एकमेकींच्या उलट आहेत. 'ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला' म्हणजे आधी संगत, मग सारखेपण. 'समानशीलव्यसनेषु सख्यम्' म्हणजे आधी सारखेपण, मग संगत. एकाच दिवशी काढलेल्या समाजालेखात या दोन्ही गोष्टी हुबेहूब एकसारख्या दिसतात. कितीही बारकाईने बघा, वेगळ्या होत नाहीत.

ढवळ्या-पवळ्याच्या म्हणीत 'बांधला' हा शब्द महत्त्वाचा आहे. पवळ्याने शेजार निवडलेला नाही, धन्याने बांधला. संशोधकही नेमकं हेच शोधत असतात: शेजार ज्यांनी स्वतः निवडलेला नाही अशी माणसं. फेस्टिंगर, शॅक्टर आणि बॅक यांचा १९५० चा अभ्यास म्हणूनच गाजला. अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठाच्या वेस्टगेट वसाहतीत विवाहित विद्यार्थ्यांना घर रिकामं होईल तसं मिळत होतं. शेजारच्या दारातल्यांशी मैत्रीचं प्रमाण ४१%, एक दार सोडून २२%, मजल्याच्या दुसऱ्या टोकाला १०%. आणि अंगणाभोवतीच्या एकेका चौकातल्या घरांचं भाडेकरूंच्या संघटनेबद्दलचं मतही बऱ्याच अंशी एकसारखं झालं होतं. चौकापेक्षा वेगळं मत असलेल्यांची नावं मित्र म्हणून कमी घेतली गेली. हा शेवटचा भाग लोक विसरतात. सारखेपण दोन वाटांनी टिकतं: माणूस बदलतो, किंवा न बदलणारा कडेला पडतो.

वर्गात धनी होऊन बांधता येत नसेल तर दोन फेऱ्या घ्या, मध्ये तीन-चार महिने ठेवून. मग जोड्यांची वर्गवारी अशी:

निवड तपासायला: पहिल्या फेरीत मित्र नसलेल्या जोड्या घ्या. त्यांतल्या सारख्या सवयीच्या किती जोड्या दुसऱ्या फेरीपर्यंत मित्र झाल्या आणि वेगळ्या सवयीच्या किती? मोडलेल्या मैत्र्यांचंही तसंच काढा. मोडणाऱ्या मैत्रीत पुष्कळ माहिती असते आणि तिच्याकडे कोणी बघत नाही.

संगत तपासायला: पहिल्या फेरीत सवय वेगळी होती आणि मैत्री दोन्ही फेऱ्यांत टिकली, अशाच जोड्या घ्या. समजा ३० मिळाल्या आणि त्यांतल्या १२ दुसऱ्या फेरीत सारख्या झाल्या, म्हणजे ४०%. हा आकडा वेगळ्या सवयीच्या, पण मित्र नसलेल्या जोड्यांशी ताडायचा. तिथेही ३८% आले तर संगतीने काही केलेलं नाही. डिसेंबरात स्नेहसंमेलनाच्या तालमी सुरू झाल्या की सगळ्यांच्याच वह्या मागे पडतात आणि त्याने सगळेच 'सारखे' होतात.

त्या १२ जोड्यांत कोण कोणाकडे सरकलं हे वेगळं लिहा. १२ पैकी ९ मध्ये करणाऱ्याने सोडलं आणि ३ मध्येच न करणाऱ्याने सुरू केलं, तर 'चांगल्या मुलाशेजारी बसवू' हा तोडगा अंगाशी येणार हे आधीच कळतं.

एकाच तुकडीत हे आकडे फार लहान पडतात. शक्य असेल तर नववीच्या सगळ्या तुकड्या घ्या, गणित मात्र तुकडीनिहाय करून मग एकत्र आणा.

---

रकाना

दुसऱ्या प्रश्नावर. नावड विचारायलाच हवी. न विचारता काढलेल्या समाजालेखात 'एकाकी' म्हणून जो वेगळा पडतो तो दोन अगदी वेगळ्या प्रकारच्या मुलांचा एकच ढीग असतो.

कोई, डॉज आणि कोप्पोटेल्ली यांनी १९८२ मध्ये आवड आणि नावड दोन्ही मोजून जी वर्गवारी केली ती अजून वापरात आहे. प्रत्येक मुलाला मिळालेल्या आवडीच्या आणि नावडीच्या नोंदी प्रमाण गुणांकात बदलायच्या (वर्गाची सरासरी वजा करून प्रमाण विचलनाने भागायचं). आवड वजा नावड म्हणजे पसंती. आवड अधिक नावड म्हणजे ठसा, हा मुलगा वर्गाच्या नजरेत किती आहे ते. मग या दोन्ही आकड्यांना पुन्हा प्रमाण गुणांकात आणायचं. पसंती १ च्या वर, आवड सरासरीहून जास्त, नावड कमी: लोकप्रिय. पसंती उणे १ च्या खाली, आवड कमी, नावड जास्त: नाकारलेला. ठसा उणे १ च्या खाली आणि आवडीची नोंद जवळपास नाहीच: उपेक्षित. ठसा १ च्या वर आणि दोन्ही जास्त: वादग्रस्त. बाकीचे सर्वसाधारण.

उपेक्षित मूल गप्प असतं, त्याच्याबद्दल कोणाचं काही म्हणणं नसतं. नाकारलेल्याबद्दल वर्गाचं एकमत झालेलं असतं. उपाय दोघांना वेगळे लागतात. आणि तुमच्या विषयासाठी सर्वांत महत्त्वाचा 'वादग्रस्त': अर्ध्या वर्गाला हवाहवासा, अर्ध्याला नकोसा. दोन टोळक्यांच्या सीमेवर तुम्हाला बहुधा असेच दोन-तीन सापडतील.

विचारायचं कसं? 'तुम्हाला न आवडणाऱ्यांची नावं लिहा' असं कधीही नाही. त्याऐवजी यादीतल्या प्रत्येक नावापुढे १ ते ५: 'गटकार्यात या विद्यार्थ्याबरोबर काम करायला किती आवडेल?' ५ म्हणजे खूप, १ म्हणजे अजिबात नाही. १ हीच नावड धरायची. कुणाला कुणाचं नाव स्वतःच्या हाताने लिहावं लागत नाही, आणि सगळ्यांनाच आकडे द्यायचे असल्यामुळे शेजाऱ्याच्या कागदावर डोकावून काही हाती लागत नाही.

बिघडतं ते असं:

सगळ्यांपुढे ३ लिहून कागद देणारे चार-पाच असतात. त्यांचे कागद वेगळे काढा, सरासरीत घालू नका.

यादीच्या शेवटाकडे मुलं कंटाळतात आणि शेवटच्या नावांना घाईचे आकडे मिळतात. निम्म्या कागदांवर यादी उलट्या क्रमाने छापा.

नववीत मुली सरसकट सगळ्या मुलग्यांना १ देतात आणि मुलगेही तेच करतात. ती नावड नव्हे, वय आहे. नावडीचे गुणांक मुलग्यांचे मुलग्यांत आणि मुलींचे मुलींतच काढा.

वेळ: तास संपायच्या ऐन आधी नको, मधल्या सुट्टीच्या तोंडावर तर मुळीच नको. कागद गोळा झाल्यावर किमान पंधरा मिनिटं दुसरं काहीतरी काम हवं, म्हणजे 'तू मला किती दिलेस' सुरू व्हायच्या आत डोकी दुसरीकडे गेलेली असतात. मुख्याध्यापकांची परवानगी, पालकांची लेखी संमती आणि 'भरायचा नसेल तर कोरा दे' हे वाक्य, तिन्ही हवीत. समाजालेख शिक्षकखोलीच्या भिंतीवर लावायचा नाही, सांकेतिक क्रमांकांचा असला तरी. ४८ जणांत क्रमांक ओळखायला अर्धा तास पुरतो.

---

तिसरा बाक

सविस्तर प्रतिसादांबद्दल आभार. ५८ विरुद्ध ६० हे डोक्यातच आलं नव्हतं.

नावड मोजली, मग पुढे? दोन टोळक्यांत सवयी उलट आहेत हे दाखवायला नावडीच्या जोड्या मैत्रीच्या जोड्यांशी ताडल्या तर पुरे का? आणि 'शत्रूचा शत्रू तो मित्र' हे कसं तपासतात?

---

आडवे-उभे

नाही पुरे. नावडीच्या जोड्या मैत्रीच्या जोड्यांशी नाही, तटस्थ (मैत्रीही नाही, नावडही नाही अशा) जोड्यांशी ताडायच्या. समजा मित्रांत सारखेपण ६८%, तटस्थांत ५६%, नावडीत ५५%. इथे मित्र आणि नावडते यांत १३ टक्क्यांची दरी दिसते, पण ती सगळी मैत्रीच्या बाजूची आहे, नावडीने काहीही केलेलं नाही. ६८, ५६, ४१ असे आले तर नावडीचं स्वतःचं काही काम आहे. तिन्ही आकडे शेजारी लिहिल्याशिवाय वाक्य लिहू नका.

'शत्रूचा शत्रू' तपासायला तिघातिघांची त्रिकुटं बघतात. त्यासाठी हायडर यांचा संतुलन सिद्धांत (१९४६), त्याला गणिती रूप दिलं कार्टराइट आणि हॅरारी यांनी १९५६ मध्ये. मैत्री +१, नावड −१, तटस्थ ०. तिघांमधल्या तीन खुणांचा गुणाकार करा. अधिक आला तर त्रिकूट संतुलित: तिघेही मित्र, किंवा दोन मित्र आणि दोघांचा मिळून एक नावडता. उणे आला तर असंतुलित: अ चे ब आणि क दोघेही मित्र, पण ब-क चं पटत नाही. तिघेही एकमेकांचे नावडते असतील तरी गुणाकार उणेच येतो, पण डेव्हिस यांनी १९६७ मध्ये दाखवलं की ते चालू द्यावं. नाहीतर सिद्धांताप्रमाणे वर्गात दोनच तट पडायला हवेत. खऱ्या वर्गात चार-पाच असतात.

४८ जणांत त्रिकुटं १७,२९६. घाबरू नका, बहुतेकांत कुठेतरी ० आहे. तिन्ही खुणा भरलेली तेवढी घ्यायची. एकाने +१ आणि दुसऱ्याने −१ दिलेल्या जोड्या वेगळ्या ठेवा, त्यांची बेरीज करून ० करू नका. एकतर्फी मैत्री हा स्वतंत्र विषय आहे.

दोन फेऱ्या असतील तर असंतुलित त्रिकुटांचं पुढे काय झालं ते बघा. मित्राचा नावडता आपलाही नावडता होतो का, आणि सामाईक नावडत्यामुळे दोघे नवे मित्र होतात का, हे दोन प्रश्न वेगवेगळे मोजा. दोन्हीला 'संतुलन' असं एकच नाव असलं तरी गोष्टी निराळ्या आहेत. पहिलीत मैत्री आधीपासून आहे आणि नावड तिच्यावरून उतरते, दुसरीत नावड आधी आहे.

---

गोषवारा

नावडीने सवयी उलट होतात का, याचं सर्वांत जवळून पाहिलेलं उदाहरण १९५४ चं आहे. ओक्लाहोमात मुझफ्फर शेरीफ आणि सहकाऱ्यांनी ११-१२ वर्षांच्या २२ मुलांचं शिबिर घेतलं होतं. मुलं मुद्दाम एकमेकांना अनोळखी आणि एकसारख्या घरांतली निवडली होती. दोन गट पाडले: ईगल्स आणि रॅटलर्स. रॅटलर्स दांडगे, शिवराळ. सामने सुरू झाले, वैर वाढलं, आणि ईगल्सनी आपसांत ठरवलं की आपण शिव्या द्यायच्या नाहीत, कारण 'ते' देतात. सामन्याआधी प्रार्थनाही करू लागले. मुलं तीच, घरं तशीच. शिवी न देणं ही ईगल्सची ओळख झाली, कारण शिवी ही समोरच्यांची ओळख होती.

म्हणजे नावड एका माणसाबद्दल असते तेव्हा सवय फारशी हलत नाही. सवय ही 'त्यांच्या गटाची खूण' झाली की हलते. बर्जर आणि हीथ यांनी २००८ मध्ये हेच मनगटी पट्ट्यांवर दाखवलं. एका वसतिगृहातल्या विद्यार्थ्यांनी पिवळे पट्टे घातले. मग शेजारच्या 'पुस्तकी किड्यां'च्या वसतिगृहातही तेच पट्टे दिसू लागले, आणि पहिल्यांतल्या बऱ्याच जणांनी ते काढून ठेवले. लक्षात घ्या, त्या शेजाऱ्यांशी भांडण नव्हतं. आपण 'ते' समजले जाऊ नये, एवढंच.

तुमच्या वर्गात त्यामुळे एक प्रश्न वाढवा: 'वर्गातली कोणती मुलं वह्या वेळेवर देतात असं तुम्हाला वाटतं?' दोन्ही टोळक्यांनी एकाच टोळक्याची नावं लिहिली तर गृहपाठ ही त्या टोळक्याची खूण झालेली आहे. मग दुसऱ्या टोळक्यातला जो घरी चोरून गृहपाठ करतो तो वही दाखवणार नाही. वहीच्या नोंदीत तो 'न करणारा', घटक चाचणीत मात्र बरा. अशी गुण आणि वही यांची फारकत असलेली दोन-चार नावं तपासाच.

---

बांधावरचा

थोडा विरोधी सूर. वरच्या सगळ्यात एक गृहीत आहे: नावडती माणसं वेगळी असतात, लांब असतात. भाऊबंदकी नावाचा शब्द ज्या भाषेत आहे तिच्यात हे गृहीत धरू नये.

बांधाचा वाद शेजाऱ्याशीच होतो. एबेसेन आणि सहकाऱ्यांनी १९७६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या एका गृहसंकुलात मित्र आणि नावडते दोन्ही विचारले. मित्र जवळ राहणारे निघाले यात नवल नाही, पण नावडते तर आणखी जवळचे निघाले. आवाज, कचरा, गाडी लावण्याची जागा. लांबच्या माणसाचा राग यायला आधी त्याचा त्रास व्हावा लागतो.

वर्गात याचा अर्थ असा की पहिल्या पाचात येऊ पाहणाऱ्या दोन मुली एकमेकींना १ देतील आणि दोघींच्या वह्या अगदी टापटीप असतील. संघनायक व्हायला निघालेल्या दोन मुलग्यांचंही तेच. अशा स्पर्धेतल्या नावडीत सारखेपण तटस्थ जोड्यांपेक्षा जास्त येतं. टोळक्यांमधल्या नावडीत कमी येतं. दोन्ही एकाच रकान्यात घातल्या की एकमेकींना खातात आणि निष्कर्ष निघतो 'नावडीचा परिणाम नाही'. म्हणून नावडीच्या जोड्यांचे आधी दोन भाग करा: एकाच टोळक्यातल्या आणि दोन टोळक्यांमधल्या. मग ६८-५६-४१ चं कोष्टक मांडा.

---

पारावरचा

बांधावरचा, मुद्दा पटला. वर दिलेल्या माझ्या वर्गवारीतही हा भाग हवा होता.

तिसरा प्रश्न राहिलाय: बाक. बाक बदलून परिणाम होतो, पण धन्याला वाटतो तसा नाही. सासरडोट यांनी २००१ मध्ये डार्टमथ कॉलेजचे विद्यार्थी तपासले. तिथे नव्यांना खोलीतला जोडीदार चिठ्ठी टाकल्यासारखा मिळायचा. जोडीदाराचा परिणाम गुणांवर दिसला, फ्रॅटर्निटीत (विद्यार्थ्यांच्या खासगी मंडळात) सामील होण्यावरही दिसला, मुख्य विषय कोणता घ्यायचा यावर नाही. म्हणजे रोजच्या कष्टाच्या सवयीत शेजाऱ्याचा गुण लागतो, मोठ्या निर्णयात नाही.

मग कोणीतरी म्हणतोच की कच्च्या मुलाशेजारी हुशार बसवा. अमेरिकेच्या हवाई दल अकादमीत हे मोठ्या प्रमाणावर करून पाहिलं, निष्कर्ष २०१३ मध्ये आले. कच्च्या विद्यार्थ्यांच्या तुकड्यांत मुद्दाम हुशार जास्त घातले. कच्च्यांचे गुण घसरले. कारण एकाच तुकडीत हुशारांनी हुशारांचं आणि कच्च्यांनी कच्च्यांचं वेगळं कोंडाळं केलं आणि मधले, जे दुवा होते, ते तिथे उरलेच नव्हते. बाक तुम्ही ठरवता, मैत्री ती ठरवतात.

त्यामुळे दोन टोकं एका बाकावर आणण्यापेक्षा मधल्याला टोकाशेजारी बसवा. आणि आता तुमच्या शाळेत उंचीने बसवत असतील तर एक गंमत करून बघा: गृहपाठाच्या जागी उंची घालून तेच सगळं गणित करा. मित्रांत उंचीचंही 'सारखेपण' निघेल. उंची काही संगतीने वाढत नाही! कोहेन-कोल आणि फ्लेचर यांनी २००८ मध्ये नेमकं हेच केलं. लठ्ठपणा मित्राकडून मित्राकडे पसरतो असं ज्या प्रकारच्या पद्धतीने दाखवलं जात होतं, त्याच प्रकारच्या पद्धतीने त्यांनी मुरुमं, डोकेदुखी आणि उंचीसुद्धा 'पसरवून' दाखवली. तुमच्या पद्धतीत उंची पसरत असेल तर गृहपाठाच्या आकड्यावरही भरवसा ठेवता येत नाही.

---

गोषवारा

दोन टोळक्यांचं काय करावं याला जोडून. शेरीफच्या शिबिरात नुसतं एकत्र जेवायला बसवून, सिनेमा दाखवून काही झालं नाही, उलट जेवण एकमेकांवर फेकलं गेलं. फरक पडला तो पिण्याच्या पाण्याची टाकी बंद पडली तेव्हा आणि ट्रक दोरीने ओढावा लागला तेव्हा, म्हणजे एका गटाला एकट्याने जमणारच नाही अशा कामांनी. तेही एकाने नव्हे, ओळीने चार-पाच कामांनी.

आणि मॉनिटर नेमून सवय बदलायला जाऊ नका. न्यू जर्सीतल्या ५६ शाळांत २०१२-१३ साली पॅलक, शेफर्ड आणि अ‍ॅरोनो यांनी भांडणं कमी करायचा प्रयोग केला. निवडक विद्यार्थ्यांकडूनच इतरांपर्यंत तो संदेश पोचवला. प्रयोगाच्या शाळांत भांडणांच्या शिस्तभंगाच्या नोंदी ३०% कमी झाल्या, आणि निवडलेल्यांत ज्यांच्याकडे इतर विद्यार्थी सर्वांत जास्त बघतात असे जिथे जास्त होते तिथे परिणाम जास्त. ते शिक्षकांचे लाडके असतातच असं नाही. 'कोणाबरोबर वेळ घालवता' याच्या खुणा मोजल्या की तुमच्या ४८ मध्ये असे वरचे चार-पाच आपोआप दिसतील. दोन्ही टोळक्यांतले घ्या. वादग्रस्त मुलगा त्यांत आला तर वगळू नका.

---

तिसरा बाक

वाचनखूण साठवली. आता आराखडा असा: पहिली फेरी ऑगस्टच्या दुसऱ्या पंधरवड्यात, दुसरी दिवाळीची सुट्टी संपल्यावर लगेच. नावं-क्रमांकांची किल्ली मुख्याध्यापकांच्या कपाटात, माझ्याकडे फक्त क्रमांक. अजून काही?

---

रकाना

दिवाळीनंतर लगेच नको. 'गेल्या दोन आठवड्यांत कोणाबरोबर वेळ घालवला' याचं उत्तर तेव्हा मामाच्या गावचे भाऊबहीण असतं. डिसेंबरचा पहिला आठवडा घ्या, तालमी जोरात यायच्या आत. त्या दिवशी गैरहजर असलेल्यांचा कागद आठवड्याभरात भरून घ्या. पाचातला एक जरी गळला तरी जोड्यांचे आकडे डळमळतात, कारण न आलेल्याबरोबर त्याच्या सगळ्या जोड्यांची एक बाजू जाते.

दोन फेऱ्यांत मैत्री किती टिकली हे कळायला दोन्ही फेऱ्यांत टिकलेल्या खुणा भागिले (टिकलेल्या + नव्या + गेलेल्या) एवढा एक आकडा काढा. उदाहरणार्थ १४० ÷ (१४० + ९० + १००) = ०.४२. तो ०.३ च्या वर असेल तर ठीक. ०.२ च्या खाली गेला तर एक तर अंतर फार झालं किंवा मुलांनी प्रश्न दुसऱ्यांदा वेगळा समजला.

आणि यादी छापताना ज्याचा कागद त्याचं नाव आधीच खोडून द्या. नाहीतर दर वर्गात दोन-तीन जण स्वतःला ५ देतात, आणि एखादा १ सुद्धा.